आरशातली पाटी

कोंडीराम पातारे अक्षरं उलटी काढायचे.

भिंगारच्या पलीकडे सरकारी गाड्यांची चाचणी घेणारी एक मोठी शेड होती. तिथे ते पेंटर होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. ट्रकच्या नंबरपाट्या, टाक्यांवरच्या सूचना, दारांवरचे आकडे, सगळं त्यांच्या ब्रशखालून जायचं. पण नाव झालं ते उलट्या अक्षरांमुळे. रुग्णवाहिकेच्या तोंडावरचा शब्द पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटा दिसावा, म्हणून उलटा लिहावा लागतो. बाहेरचे पेंटर आधी कागदावर काढत, कागद उजेडाला धरत, मग मागून गिरवत. तात्या सरळ डब्यात ब्रश बुडवायचे आणि उजवीकडून डावीकडे सुरू व्हायचे. वेलांटी, मात्रा, सगळं उलटं. एक थेंब इकडचा तिकडे नाही.

"तात्या, आईनं तुमाला पाळण्यात उलटं निजवलं हुतं का?" गहिनीनाथ विचारायचा. हा शेडमधला ड्रायव्हर. घोडेगावकडचा, तोंडाने फटकळ.

"न्हाई रे," तात्या म्हणायचे. "ल्हानपनी दुनियाच आमाला उलटी दाखवली लोकांनी. मी हाय तशी काढतो."

१९७८ साली त्यांच्याकडे आणखी एक काम आलं. ट्रक चालू असला की बाजूचा आरसा थरथरतो. इंजिनाचे फेरे एका ठरावीक आकड्याला पोचले की इतका थरथरतो, की मागून बस येते आहे की टेम्पो ते कळत नाही. गढूळ पाणी ढवळल्यासारखं नुसतं हलत राहतं. ही थरथर मोजायला शेडमध्ये एक सुईचं यंत्र होतं. पण सुई थरथर किती ते सांगते, माणसाला काय दिसतं ते सांगत नाही. म्हणून ट्रकच्या मागे तीस फुटांवर, भिंतीवर, अक्षरांची पाटी टांगायची. एका माणसाने ड्रायव्हरच्या जागी बसायचं आणि आरशात बघून ती मोठ्याने वाचायची. वाचलेलं रजिस्टरात उतरायचं. ज्याने आरसा बनवला त्याने स्वतः वाचायचं नाही, हा नियम होता. आपल्या पोराचा पेपर आपण तपासायचा नाही, असं मोठे साहेब म्हणायचे.

वाचायला तात्यांना बसवलं. शेडमध्ये त्यांच्याइतका तेज डोळा कुणाचा नव्हता. आणि पाटी रंगवायचं कामही त्यांच्याकडेच आलं, कारण ती उलटी रंगवायची होती. जो पाटी रंगवतो तोच ती वाचतो, यात काही चुकतंय असं कुणाच्याच मनात आलं नाही. पेंटर एकच होता.

पाटी तात्यांनी जीव लावून केली. चार ओळी. वरची मोठी, मग लहान लहान होत गेलेल्या. म, सात, र. ट, चार, ल, नऊ. तिसऱ्या ओळीत त्यांनी मुद्दाम घ आणि ध शेजारी शेजारी घातले. चौथीत थ, य, ब, व. आरसा जरा हलला की घ चा ध होतो आणि थ चा य. "चोर पकडायचा तर जुळे भाऊ शेजारी उभे करायचे," ते म्हणायचे. पंधरा वर्षं त्यांनी खरं वाचलं. दिसलं तर दिसलं म्हणाले. नाही दिसलं तर नाही. त्यांच्या 'नाही'मुळे कितीतरी आरसे परत गेले. आरसे बनवणारे त्यांना चहा पाजायचे. चहा पिऊन ते 'नाही'च म्हणायचे.

१९९३च्या उन्हाळ्यात एका सकाळी ते नंबरपाटी रंगवत होते. आठाच्या मधोमध त्यांना डाग दिसला. फडक्याने पुसला. गेला नाही. मान वळवली, तर डागही वळला. डाग पाटीवर नव्हता.

नगरच्या डॉक्टरांनी दिव्याने दोन्ही डोळे पाहिले. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, म्हणाले. कडेचं दिसत राहील. समोरचं, मधलं, हळूहळू जाईल.

"औषध?" बरोबर गेलेल्या त्यांच्या बायकोने, भिमाबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

कडेचं दिसत होतं, म्हणून कुणाला कळलं नाही. तात्या सायकल चालवत. चुलीपुढचं ताट, दारातली मांजर, येणारं जाणारं माणूस, सगळं त्यांना कडेने दिसे. फक्त ज्याच्याकडे रोखून बघावं तेच नाहीसं होई. माणसाशी बोलताना ते जरा कानाकडे बघत. लोकांना वाटे, तात्या वयानं लाजाळू झाले. रंगकाम हाताच्या सवयीने चाले. दरवर्षी शेडच्या दवाखान्यात डोळे तपासत. तिथला तक्ताही कधीकाळी त्यांनीच नवा रंगवून दिलेला. तो तर तोंडपाठ, दोन मिनिटांत व्हायचा.

"सांगून टाका," भिमाबाई म्हणाल्या. "पेंटरचं काम न्हाई जमत म्हना. दुसरं देतील."

"दुसरं काय देतील? झाडू?" तात्या म्हणाले. "त्यो माझ्या बापानं मारला. मी डोळ्याच्या जोरावर वर आलो, भिमे. त्या शेडीत माझ्या डोळ्याची सही चालती. साहेबाची चालत न्हाई तिथं माझी चालती."

त्या दिवसापासून भिमाबाई ताटात भाजी कुठे आणि चटणी कुठे, ते सांगू लागल्या.

पाटी तात्यांना पाठच होती. आरशात पांढरा चौकोन कडेने दिसायचा. त्याच्यात काय लिहिलंय ते त्यांच्या हाताला माहीत होतं. ते वाचायचे, आणि प्रत्येक आरसा पास व्हायचा. दोन वर्षांत एकही परत गेला नाही. हल्ली आरसे चांगले येऊ लागलेत, असं मोठे साहेब म्हणाले.

१९९५च्या जूनमध्ये जास्मिन भांबळ शेडमध्ये रुजू झाली. इंजिनियर. चोवीस वर्षांची. तिचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि तात्यांनी ब्रश धरायच्या आधी खडू त्यांच्याच हाताखाली धरला होता. ती पहिल्याच दिवशी येऊन म्हणाली, "काका, पप्पांनी सांगितलंय, काही अडलं तर कोंडीरामला विचार."

"हितं मला तात्या म्हनत्यात. पर तू काका म्हन," ते म्हणाले.

तिच्या डोक्यात एक आरसा होता. बाकीचे लोक थरथर थांबवायला आरशाची दांडी जाड करत, रबर लावत. तिने लाउडस्पीकरच्या आतली कॉइल काढली आणि आरशाच्या मागे बसवली. शेजारी थरथर ओळखणारं एक बोटाएवढं यंत्र. मध्ये वायरींची पेटी.

"हे करतं काय?" संदीपने विचारलं. संदीप रजिस्टर लिहायला ठेवलेला हंगामी कारकून. मराठी घेऊन बी.ए. झालेला. तात्यांच्या डब्यात रोज हात घालणारा.

"झोक्यावर पोर बसलंय समज," जास्मिन म्हणाली. "झोका तुझ्याकडे येत असताना तू समोरून ढकललंस तर?"

"थांबेल."

"तेच. आरसा डावीकडे निघाला की कॉइल त्याला उजवीकडे ढकलते. उजवीकडे निघाला की डावीकडे. सेकंदाला चाळीस वेळा."

"आन् वेळ चुकली तर?" तात्यांनी विचारलं.

ती हसली. "तर झोका झाडाला लागेल, काका."

नोव्हेंबरात पहिली चाचणी झाली. तात्या ट्रकमध्ये बसले. इंजिन घुरघुरलं. आधी कॉइल बंद ठेवून. तात्यांनी चारही ओळी वाचल्या. मग कॉइल चालू करून. तात्यांनी चारही ओळी वाचल्या. संदीपने दोन्ही रकाने भरले. सारखेच.

जास्मिनचा चेहरा तात्यांना दिसला नाही. पण ती गप्प झाली ते ऐकू आलं.

"काका, बंद असताना पण चौथी ओळ दिसली?"

"दिसली की."

"थ आणि य वेगळे?"

"येगळे."

सुई सांगत होती, कॉइल चालू केल्यावर थरथर निम्म्याहून कमी होते. रजिस्टर सांगत होतं, काहीच फरक नाही. मोठ्या साहेबांनी दोन्ही पाहिलं. "भांबळबाई, जो आरसा तसाही दिसतोय, त्याला गाणं वाजवायचं यंत्र कशाला लावायचं?" म्हणाले. पुढच्या महिन्यात अजून एकदा बघू, नाहीतर बंद करू.

दुपारी संदीप डबा घेऊन तात्यांकडे आला. "मॅडम मागच्या पायरीवर बसल्यात," तो म्हणाला. "जेवल्या नाहीत. हातात कॉइल धरून बसल्यात, आजारी पाखरू धरावं तशी."

तात्यांच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

त्यांना कळून चुकलं. आरसा थरथरत होता. कॉइलने तो थांबत होता. पोरीचं खरं होतं, सुईचंही खरं होतं. खोटा होता तो त्यांचा डोळा. आणि रजिस्टरात चालत होता तोच.

त्या दिवशी सांगता आलं असतं. साहेबांच्या खोलीपर्यंत ते गेलेही. दारावरची पाटी त्यांनीच रंगवलेली होती. तिच्यावरून बोटं फिरवली. परत आले.

मग त्यांनी दुसरी वाट काढली. कॉइल चालू झाली की बारीक गुणगुणते, डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी. इंजिनाच्या आवाजातही तात्यांचा कान ती वेगळी काढू शकत होता. डिसेंबरच्या चाचणीत ते कान लावून बसले. गुणगुण नाही, म्हणजे कॉइल बंद. तिथे ते अडखळले. घ ला ध म्हणाले. चौथ्या ओळीला, "ही नुसती मुंग्यांची रांग दिसतीया बाई," म्हणाले. गुणगुण सुरू झाली, तसं स्वच्छ वाचलं. पंधरा वर्षं खरं वाचलेला माणूस होता तो. हलत्या आरशात कोणतं अक्षर कसं फसतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांच्या चुका अगदी खऱ्या होत्या.

"मागच्या वेळी कसं दिसलं मग?" साहेबांनी विचारलं.

"मागच्या वेळी इंजिन निवांत हुतं," तात्या म्हणाले. साहेबांनी मान हलवली. तात्यांच्या डोळ्यावर शंका घ्यायची शेडमध्ये रीत नव्हती.

जास्मिनने पेढे आणले. पहिला तात्यांच्या तोंडात घातला. "काका, तुमच्यामुळे."

पेढा गोड होता. तात्यांनी स्वतःला समजावलं. सुई म्हणते ते खरं, आणि मी आता सुईसारखंच बोललो. म्हणजे खरंच बोललो. यात वावगं काय?

पण रविवारी विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना, चौथ्या शीलाला त्यांचा आवाज बंद पडला. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, असं ते शील. ओठ हलले. आवाज निघाला नाही. शेजारी बसलेल्या भिमाबाईंनी वळून पाहिलं. घरी ताटावर बसल्यावर म्हणाल्या, "भाजी उजवीकडं हाय." एवढंच.

मार्चमध्ये आरसा रस्त्यावर न्यायचा ठरला. शेडमधल्या ट्रकवरून काढून गहिनीनाथच्या ट्रकवर बसवला. सुईचं यंत्र तेव्हा दुरुस्तीला पुण्याला गेलेलं. एक वाचन घ्यायचं, आणि ट्रक औरंगाबाद रस्त्याने घोडेगावपर्यंत जाऊन परत आणायचा, असं ठरलं.

आरसा बसवताना कॉइलच्या दोन वायरी एकमेकींच्या जागी गेल्या. लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल. कुणाच्या हातून, ते पुढे कुणालाच नक्की सांगता आलं नाही. चूक एवढीशी होती. पण आता झोका येत असताना समोरून धक्का बसत नव्हता. जात असताना मागून बसत होता.

तात्या ट्रकमध्ये चढले. जास्मिनने बटण दाबलं. कॉइल गुणगुणली. नेहमीपेक्षा जरा जाड आवाज आला. तात्यांना तो जाणवलाही. नवा ट्रक, नवी दांडी, असेल.

"काका, कसं?"

आरसा त्या वेळी घोंगावणाऱ्या माशीच्या पंखासारखा हलत होता, पण हलणं इतकं बारीक की खालून कुणाला कळत नव्हतं. तात्यांच्या डोळ्यांच्या मधोमध नेहमीचा राखाडी डाग होता. कडेला पांढरं काहीतरी होतं.

"म, सात, र," ते म्हणाले. चारही ओळी म्हणाले.

"नक्की?"

"बाई, घ आन् ध असे सुटे दिसत्यात, जसे भांडून येगळे निघाल्यात."

संदीप हसला. रजिस्टरात 'स्पष्ट' लिहिलं. तात्यांनी खाली सही केली. सहीच्या जागी संदीपने नेहमीसारखं बोट ठेवलं होतं. ते कशासाठी ठेवावं लागतं, हे त्याने कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

शुक्रवार होता. घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचा दिवस. रस्त्यावर म्हशी आणि बैल भरलेले टेम्पो. गावाच्या अलीकडे गहिनीनाथला उजवीकडे वळायचं होतं. त्याने आरशात पाहिलं. नुसता गढूळपणा. पुसावा म्हणून हात लावला, तर काच बोटांना झोंबली. मागून कुणी येतंय का ते बघायला त्याने जुन्या ड्रायव्हरांच्या सवयीने डोकं आणि हात खिडकीबाहेर काढला. एक टेम्पो अगदी चिकटून पुढे निघाला होता. डोकं वेळेवर आत आलं. हात आला नाही.

कोपराच्या वर कापावा लागला.

तात्या भेटायला गेले तेव्हा तो खाटेवर बसून होता. नेहमीसारखं काहीतरी फटकळ बोलेल, असं वाटलं होतं.

"तात्या," तो म्हणाला, "खरं सांगा. त्या दिशी तुमाला पाटी दिसली हुती?"

तात्यांनी त्याच्या कानाकडे पाहिलं.

"रजिस्टर बघितलं मी. साहेब घेऊन आल्ते. स्पष्ट लिव्हलंय. तुमची सही हाय. तुमचा डोळा चुकत न्हाई, हे तर मी बी लोकांना सांगत आलो. म्हंजे आरसा साफ हुता. मलाच धुसर दिसलं. माजं डोळंच गेल्यात, तात्या. किती दिसांपासून गेल्यात कुनाला ठावं. बावीस वर्सं गाडी मारली. मागं किती लोकं आली, गेली. आंधळ्यानं मारली म्हना की."

"आसं न्हाई रे."

"आसंच हाय. हाताचं काय न्हाई. पर साहेब म्हनत्यात, आरसा साफ असताना डोकं भाईर काढलं, म्हंजे निष्काळजी. तसंच लिव्हनार हायेत. बायकू म्हनती, भांडा. मी कशाच्या जोरावर भांडू? माजाच माज्या डोळ्यावर इस्वास ऱ्हायला न्हाई." उरलेल्या हाताने त्याने उशीखालून एक कागद काढला. "डोळ्याच्या डाक्टराची चिठ्ठी हाय. त्यो म्हनतो, नजर बरोबर हाय. पर तुमी खोटं कशाला बोलाल? त्योच चुकला असंल."

तात्या उठले. दाराची चौकट त्यांच्या खांद्याला लागली.

घरी येऊन ते ओट्यावर बसले. ऊन होतं. भिमाबाई ज्वारी निवडत होत्या. सूप खाली ठेवून त्या शेजारी येऊन बसल्या.

"चांगल्या डोळ्याच्या मानसाला आंधळा केला मी," तात्या म्हणाले.

"मग?"

"मग काय. जाईल समदं. नोकरी जाईल. ही सरकारी खोली जाईल. मास्तरांच्या पोरीचा आरसा जाईल. तीन वर्सांत मी पास केलेलं समदं खोटं ठरंल."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

तात्यांनी ओट्यावर सांडलेला ज्वारीचा दाणा चाचपून उचलला.

"न्हाई सांगितलं तर काय ऱ्हाईल ते बी सांगा," भिमाबाई म्हणाल्या आणि पुन्हा सूप घेतलं.

सोमवारी चौकशी होती. बाहेरून दोन अधिकारी आले होते. मोठे साहेब होते. जास्मिन होती, आठ दिवसांत ती वाळून गेली होती. वाचकाने त्याच ट्रकमध्ये बसून वाचन पुन्हा करून दाखवावं, असं ठरलं होतं.

सकाळी शेड उघडली तेव्हा तात्या संदीपला भिंतीपाशी घेऊन गेले.

"पाटी उतरव."

"का? पुसायची आहे?"

"उतरव आन् आत ठेव. खिळा तेवढा ऱ्हाऊ दे. आन् मी सांगस्तवर कुनाला बोलू नको."

संदीपने उतरवली. त्याला वाटलं, तात्या नवी लावणार असतील.

दहा वाजता सगळे ट्रकच्या दारापाशी जमले. तात्या वर चढून बसले. इंजिन सुरू झालं. अधिकाऱ्याने रजिस्टर उघडून बोट ठेवलं. "वाचा."

तात्यांनी आरशाकडे तोंड केलं.

"म. सात. र."

अधिकाऱ्याने मान हलवली.

"ट. चार. ल. नऊ."

जास्मिन ट्रकच्या मागच्या चाकाशी उभी होती. तिथून तिला भिंत दिसत होती. तिने एकदा भिंतीकडे पाहिलं. मग तात्यांकडे. मग पुन्हा भिंतीकडे.

"घ. ध. दोन. पाच. भ." तात्या सावकाश वाचत होते. एखाद्याला निरोप देताना गावाच्या वेशीपर्यंत चालावं, तसं. "थ. य. सहा. ब. व."

"बरोबर," अधिकारी म्हणाला. "अक्षर न् अक्षर बरोबर. म्हणजे आरसा..."

"साहेब," तात्या म्हणाले, "आता मागं वळून बघा."

सगळे वळले. तीस फुटांवर भिंत होती. भिंतीवर एक खिळा होता. खिळ्याखाली, पाटीने अठरा वर्षं झाकलेला, पांढरा चौकोन होता.

इंजिन तसंच चालू होतं. ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

"मला तीन वर्सं दिसत न्हाई," तात्या वरूनच म्हणाले. "त्या दिशी बी दिसलं न्हाई. गहिनीनाथला दिसलं ते खरं हाय. त्याचं डोळं चांगलं हायेत. हे त्याला कागदावर लिहून द्या. माजं काय ते मागनं लिव्हा."

मग ते उतरले. पायरी चाचपत. आता चाचपायला हरकत नव्हती. संदीपने हात पुढे केला. तात्यांनी तो धरला.

गहिनीनाथच्या कागदावरचा 'निष्काळजी' हा शब्द खोडला गेला. त्याला गेटवर बसायचं काम मिळालं. तात्यांना घरी पाठवलं. खोली महिन्याभरात सोडावी लागली. ते केडगावला दोन खोल्यांत गेले. तीन वर्षांतली सगळी वाचनं रद्द झाली. त्यात डिसेंबरचंही होतं. आरशाची फाइल बंद झाली. ज्याची साक्ष खोटी, त्या गोष्टीवर पुढे खर्च करता येत नाही, असं त्यात लिहिलं गेलं. ते टाइप करायचं काम संदीपकडेच आलं.

जास्मिनने राजीनामा दिला. जायच्या आदल्या दिवशी तिने तो आरसा उघडला. वायरी पाहिल्या. लालच्या जागी काळी होती. मग त्या आपापल्या जागी लावल्या. संदीपला बोलावलं, ट्रकमध्ये बसवलं, आणि खडूने भिंतीवर काहीतरी उलटंसुलटं लिहिलं. तिला उलटं लिहिता येत नव्हतं. दोनदा पुसलं. मग तिने बटण दाबलं.

त्याच संध्याकाळी संदीप सायकल मारत केडगावला गेला. तात्या दाराशी बाजेवर बसले होते. गहिनीनाथ शेजारी. रिकामी बाही खिशात खोचलेली. तो आता आठवड्यातून एकदा यायचा. आला तरी दोघे फारसं बोलत नसत.

"कोन, संदीप?" तात्यांनी पावलांवरून ओळखलं.

"तात्या, आज आरसा लावून बघितला. मॅडमनी वायरी सरळ केल्या."

तात्या बाजेवर सरसावून बसले.

"आधी बंद ठेवून. काही दिसलं नाही. मुंग्यांची रांग." संदीपने सायकल भिंतीला टेकवली. "मग चालू केलं."

"थ लिव्हला हुता का तिनं?"

"लिहिला होता. शेजारी य पण."

"मग?"

"वेगळे दिसले, तात्या. अगदी वेगळे. आरसा भिंतीत बसवल्यासारखा थांबला होता."

रस्त्यावरून पुण्याकडे ट्रक जात होते. एकामागून एक. प्रत्येकाच्या उजव्या दाराला एक आरसा. ज्याच्याकडे बघावं ते दिसत नाही, म्हणून तात्यांनी तोंड बाजूला वळवलं. कडेने त्यांना ते सगळे थरथरताना दिसत होते.

गहिनीनाथने उरलेला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"पोरीला निरोप द्यायचा हुता," तात्या शेवटी म्हणाले. "गेली असंल न्हाई?"

"सकाळच्या गाडीनं जाणार आहे."

"मग उद्या गाडी सुटायच्या आत जा तिच्याकडं. तिला म्हनावं, काका म्हनाले, आरसा पास हाय."

मग ते म्हणाले, "न्हाई. ऱ्हाऊ दे. माज्या सांगन्याला आता काय किंमत. तुला दिसलं ना? तूच सांग. तू बघितलंस ते सांग."